नवा गोल्डफिश कधी आणावा? आधी आठवड्याचा नायट्रेट मोजा

नोकरीभर मी पाणीपुरवठ्याच्या लॅबमध्ये नळाच्या पाण्याचे नमुने तपासले. गढूळपणा, पीएच, अल्कलिनिटी (पीएच घसरू न देण्याची पाण्याची ताकद), शिल्लक क्लोरीन. निवृत्त झाल्यावर हॉलमध्ये तीन फुटी टाकी आली, आणि सवय जाईना म्हणून तिच्या पाण्याचीही वही सुरू झाली. त्यामुळे आमच्या इमारतीतली मुलं, आणि मुलांपेक्षा त्यांचे वडील, मासा आणायच्या आधी माझ्याकडे येतात. "काकू, दोन आहेत, अजून एक आणू का?" मी विचारते, "आठवड्याला नायट्रेट किती चढतो?" बहुतेकांचा चेहरा कोरा. मग त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. सगळं नाशिकच्या हवापाण्याला धरून आहे. मुंबई-कोकणात थंडीचा भाग सोडून द्या.

टाकीत जागा दिसते म्हणून मासा आणू नये. तीन फुटी टाकीत दोन मासे फिरताना बघितले की अर्धी टाकी रिकामी वाटतेच. पण गोल्डफिश भरपूर खातो आणि त्याहून भरपूर घाण करतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि सिरॅमिक रिंगांवर वाढलेले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पहिले दोन्ही विष. नायट्रेट त्या मानानं सौम्य, पण तो कुठेच जात नाही, पाणी बदलेपर्यंत साठत राहतो. म्हणूनच हिशोबाला तो सोयीचा आहे: आठवड्याला चढलेला नायट्रेट म्हणजे तुमच्या माशांनी आठवडाभरात टाकीवर टाकलेला बोजा.

मोजायचं असं. रविवारी अर्धं पाणी बदला, तासाभरानं नायट्रेट मोजा. पुढच्या रविवारी पाणी बदलायच्या आधी पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक ही आठवडी वाढ. स्ट्रिप नको, थेंबांचं किट घ्या, आणि नायट्रेटची दुसरी बाटली वापरण्याआधी खरोखर अर्धा मिनिट जोरात हलवा. तळाशी बसलेली पावडर वर आली नाही तर आकडा खोटा कमी येतो आणि माणूस खूश होऊन मासे आणायला निघतो. रंगाच्या कार्डावर २० आणि ४० मधला फरक ओळखणं तसं कठीणच, त्यामुळे दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नको.

आता गणित. दर आठवड्याला नेमानं अर्धं पाणी बदलत असाल, तर काही आठवड्यांत टाकीतला सर्वांत वरचा आकडा आठवडी वाढीच्या दुप्पटीवर येऊन थांबतो. वाढ १५ असेल तर पाणी बदलण्याआधी ३० आणि बदलल्यावर १५, मग पुन्हा ३०. माझी मर्यादा ४० पीपीएम, म्हणजे लिटरमागे ४० मिलिग्रॅम. म्हणजे आठवडी वाढ २० च्या वर जाता कामा नये. दोन मासे मिळून १५ चढवत असतील तर त्याच मापाचा तिसरा आला की वाढ होते साडेबावीस, वरचा आकडा ४५. म्हणजे तिसरा नाही. किंवा तिसरा आणा, पण आठवड्यातून दोनदा पाणी बदलायची तयारी ठेवा. आणि ती तयारी जानेवारीच्या सकाळी बादल्या उचलताना टिकेल का, हे स्वतःला विचारा.

यात दोन गोष्टी धरायच्या राहतात. एक, नळाच्या पाण्यात मुळातच नायट्रेट असू शकतो. धरणाच्या पाण्यात सहसा नगण्य असतो, बोअरच्या पाण्यात मात्र भरपूर सापडतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, म्हणजे माणसाला चालणारं पाणी टाकीत पडतानाच माझी ४० ची रेघ ओलांडू शकतं. तेव्हा आधी नळ मोजा. दोन, दुकानातला अंगठ्याएवढा मासा अंगठ्याएवढा राहत नाही. ऑरांडा, रयुकिनसारखे गोल पोटाचे १५ ते २० सेंटिमीटर होतात आणि कॉमेट तर ३० च्या आसपास जातो. हिशोब वाढलेल्या माशाचा करा.

अंदाजासाठी एवढं लक्षात ठेवा: एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. माझी टाकी ३ × १.५ × १.५ फूट, म्हणजे काठोकाठ १९१ लिटर. तळाची वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी १६५ च्या जवळपास. पहिल्या गोल्डफिशला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० धरले तर तिच्यात तीन मासे. दोन फुटी, एक बाय एक फुटाची टाकी ५६ लिटरची. तिच्यात एकसुद्धा नीट बसत नाही, हे सांगितलं की लोक माझ्यावर रागावतात. वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे हवेत म्हणणारे तर फारच रागावतात. नऊ माशांना या हिशोबानं ३९५ लिटर पाणी लागतं. तेवढी टाकी ठेवता येत असेल तर खुशाल ठेवा.

टाकीच नवी असेल तर

मग प्रश्न "कधी" याचं उत्तर: जीवाणू तयार झाल्यावर. टाकी भरून, पंप चालू करून तीन दिवस थांबा, असा सल्ला दुकानात मिळतो. त्या तीन दिवसांत क्लोरीन उडतो आणि पाणी नितळ दिसू लागतं. जीवाणू तेवढ्यात वाढत नाहीत, त्यांना चार ते सहा आठवडे लागतात, आणि थंडीत त्याहून जास्त.

मासे न टाकता ते वाढवायचे तर त्यांना अमोनिया हाती द्यावा लागतो. मी अमोनियम क्लोराइड वापरते, लॅब ग्रेडचं. कल्हईवाले वापरतात तो बाजारातला नवसागर म्हणजे तेच रसायन, पण त्यात आणखी काय मिसळलेलं असेल याची खात्री नाही, म्हणून तो नको. १६० लिटर पाण्याला १ ग्रॅम टाकला की अमोनिया सुमारे २ पीपीएम होतो. तो शून्यावर आला की पुन्हा १ ग्रॅम. टाकल्यापासून २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट चढलेला, असं सलग दोन-तीनदा दिसलं की टाकी तयार. मग बहुतेक पाणी बदलून नायट्रेट खाली आणा आणि मासा आणा. हे फक्त रिकाम्या टाकीत. मासा असलेल्या टाकीत अमोनियम क्लोराइडचा कणही टाकायचा नाही.

कुणा ओळखीच्याची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा. ओला ठेवा, त्याच दिवशी आपल्या फिल्टरमध्ये घाला. आठवड्यांची वाट दिवसांवर येते. बाटलीतल्या जीवाणूंपेक्षा माझा या तुकड्यावर विश्वास जास्त.

जुन्या टाकीतही हेच लागू होतं. जीवाणूंची वस्ती म्हणजे डबे पुरवणारी खानावळ, जितकी गिऱ्हाइकं तितकाच स्वयंपाक. दोन माशांच्या टाकीत तिसरा आला की बोजा एकदम दीडपट होतो आणि वस्ती वाढायला दोनेक आठवडे जातात. म्हणून एका वेळी एकच मासा, आणि दुसऱ्यासाठी किमान महिनाभराचं अंतर. दुकानदार "जोडी घ्या, एकटा उदास होईल" म्हणतो. एकट्या गोल्डफिशला सोबत आवडते हे खरं, पण महिनाभर उशिरा आलेली सोबतही त्याला चालते.

महिना कोणता

नाशिकमध्ये मी दिवाळीनंतरचे तीन-चार आठवडे आणि मग फेब्रुवारी ते मार्चचा मध्य, एवढेच दिवस मासे आणण्याचे मानते. टाकीचं पाणी २० ते २५ अंशांत असतं, गोल्डफिशला मानवतं, आणि प्रवासात पिशवी तापत नाही.

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली येतो. मासा थंडीनं मरत नाही, तो थंड पाण्याचाच प्राणी आहे. पण फिल्टरचे जीवाणू मंदावतात, आणि दुकानातल्या उबदार पाण्यातून आपल्या गार टाकीत असा धक्का बसला की अंगात दबा धरून असलेला आजार डोकं वर काढतो. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग तर गारठ्यात फसवतो: २४-२५ अंशांना त्याच्या परजीवीचा जीवनफेरा आठवड्याभरात पूर्ण होतो, गार पाण्यात तो कित्येक आठवडे रेंगाळतो. मासा धडधाकट वाटतो आणि फेब्रुवारीत सगळी टाकी ठिपक्यांनी भरते.

एप्रिल-मेमध्ये उलट. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात, आणि नाशिक उंचावर असल्यानं त्याहूनही थोडा कमी. त्याच वेळी माशाची आणि जीवाणूंची गरज वाढलेली असते. त्यात दुपारची वीज गेली की पंप बंद. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात नसेल तर मे महिन्यात नवा मासा आणायचा विषयच काढू नका.

पावसाळ्याबद्दल मात्र मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण हे दुकानात कुणी सांगत नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर नदी-धरणाचं पाणी गढूळ येतं. ते निवळण्यासाठी जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीची मात्रा वाढवावी लागते, आणि क्लोरीनचीही. एरवी ग्राहकाच्या नळाला किमान ०.२ पीपीएम शिल्लक क्लोरीन असावा हे मानक आहे, त्या दिवसांत तो बराच वर जातो. खेड्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, हातानं टाकतात तिथे तर एका दिवसाचा आणि दुसऱ्या दिवसाचा मेळ नसतो. पाणी काढून रात्रभर एअर स्टोन लावून ठेवलं की क्लोरीन उडतो. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे: १०० लिटरला १ ग्रॅम पुरतो. क्लोरीन तपासायची ओटी टेस्टची बाटली मिळाली तर ठेवा, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे.

तुरटीचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही, पण होतो. एक भाग तुरटी पाण्यातली साधारण अर्धा भाग अल्कलिनिटी खाते. धरणाचं पाणी आधीच मऊ, त्यात हे. आणि टाकीत अमोनियाचं नायट्रेट करताना जीवाणू स्वतःही अल्कलिनिटी खातात, अमोनियातल्या दर १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे जवळपास ७ मिलिग्रॅम. ती संपली की पीएच धाडकन घसरतो आणि जीवाणूंचं काम थंडावतं. जुलै-ऑगस्टमध्ये "सगळं नेहमीसारखंच केलं तरी मासे मरगळले" अशी तक्रार आली की मी आधी अल्कलिनिटी बघते. १६५ लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, खाण्याचा सोडा टाकला तर ती १८ पीपीएमनं वाढते. एका दिवशी एकच चमचा. एवढं सगळं हलत असताना नवा मासा कशाला?

गावाला जाण्याच्या आदल्या आठवड्यातही नाही, मग ते गणपती असोत की लग्न. फिल्टर बदलला असेल, त्याचा स्पंज कुणी नळाखाली घासून धुतला असेल किंवा टाकीत निळं औषध पडलं असेल, तर जीवाणू मेले असं समजून महिनाभर थांबा. मासा मेला असेल तर तेवढंच. मुलं रडतात म्हणून दुसऱ्याच दिवशी तसाच मासा आणून ठेवणारे पालक मी पाहिले आहेत. दुसराही जातो, त्याच कारणानं.

दुकानात

माल कोणत्या वारी येतो ते विचारा, आणि त्यानंतर निदान आठवड्यानं जा. आपल्याकडचे बरेच गोल्डफिश कोलकात्याच्या आणि चेन्नईच्या बाजूनं, पिशव्यांत बांधलेल्या लांबच्या प्रवासानं येतात. जे खचलेले असतात ते त्या पहिल्या आठवड्यात जातात, दुकानदाराच्या टाकीत गेलेले बरे. ज्या टाकीत एकही मेलेला मासा तरंगत असेल तिथला घेऊ नका, आणि सगळ्या टाक्यांना एकच पाणी फिरत असेल तर शेजारच्या टाकीतलाही नको. आपल्यासमोर दाणे टाकायला लावा. झडप घालणारा मासा घ्या, कोपऱ्यात पंख मिटून बसलेला नको. बबल आय किंवा टेलिस्कोप या फुगीर डोळ्यांच्या जातींच्या टाकीत कॉमेट आणू नका. चपळ कॉमेट सगळं खाऊन टाकतो आणि अधू नजरेचा मासा उपाशी राहतो.

वेगळं ठेवणं

मासा आणायचा दिवस आणि टाकीत सोडायचा दिवस यांत चार आठवडे हवेत. या एका गोष्टीवर मी कुणाशीही तडजोड करत नाही. गोल्डफिशचा एक हर्पीसचा विषाणू आहे, भारतातही सापडलेला, त्यावर औषध नाही. वाचलेला मासा तो अंगात घेऊन छान पोहत राहतो. शिवाय कल्ल्यांतल्या कृमी डोळ्यांना दिसतच नाहीत.

पन्नास-साठ लिटरचा प्लास्टिकचा टब, वर जाळी, एक स्पंज फिल्टर, एवढं पुरतं. स्पंज फिल्टर महिनाभर आधी मोठ्या टाकीत चालू ठेवा म्हणजे त्यावर जीवाणू तयार असतील. थंडी असेल तर हीटर लावून २४ अंश राखा. ५० लिटरला १५० ग्रॅम खडे मीठ विरघळवून, दोन दिवसांत थोडं थोडं करून घाला. दर दोन-तीन दिवसांनी अर्धं पाणी बदला, जेवढं पाणी नवं तेवढ्याचंच मीठ पुन्हा. औषध उगाच टाकू नका. फक्त बघा: अंग घासतो का, एकाच कल्ल्यानं श्वास घेतो का, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी आहे का, अंगाला काडीसारखी कृमी किंवा चपटी ऊ चिकटली आहे का. शेवटच्या आठवड्यात टबाला मोठ्या टाकीतून काढलेलं पाणी द्या, म्हणजे जुन्यांच्या अंगचं जे काही आहे त्याची त्याला ओळख होईल. टबाचा मग, जाळी, नळी मोठ्या टाकीत जाता कामा नये. आमच्याकडे टबाच्या सामानाला लाल चिकटपट्टी लावलेली आहे.

घरी आणल्यावर पिशवी वीस मिनिटं टबात तरंगू द्या, तपमान जुळलं की मासा हातानं किंवा जाळीनं उचलून सोडा. मोठ्या प्रवासाची पिशवी उघडून तिच्यात तासभर थेंबथेंब पाणी घालत बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो, आणि ७ वरून ८ वर गेला तर विषारी अमोनियाचं प्रमाण जवळपास दहापट होतं, मासा आतच असताना. पिशवीतलं पाणी मोरीत ओता, टबात नाही.

मोठ्या टाकीत

संध्याकाळी दिवा बंद करून सोडा. त्याआधी जुन्यांना खाऊ घाला आणि दगड-झाडांची जागा बदला, म्हणजे कुणाचा कोपरा कुणाचा राहत नाही. नवा मासा जुन्यांच्या निम्म्याहून लहान असेल तर अजून थोडा मोठा होऊ द्या.

पहिला आठवडा सगळ्यांनाच निम्मं खाणं. रोज सकाळी अमोनिया आणि नायट्राइट. दोन्हीपैकी एक जरी ०.२५ दिसला तरी त्या दिवशी खाणं बंद, ०.५ दिसला तर लगेच अर्धं पाणी बदला, त्याच तपमानाचं, क्लोरीन काढलेलं. दोन आठवडे शून्य राहिला की रोजची तपासणी थांबवा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आणलेल्या माशांबद्दल एक सांगून ठेवते, कारण त्या दिवसांत माझा फोन यासाठी सर्वांत जास्त वाजतो. नव्याच्या किंवा जुन्याच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या पंखांच्या कडेला बारीक पांढरे दाणे दिसतात, ओळीत, नीट मांडल्यासारखे. तो ठिपक्यांचा रोग नव्हे. नर माशाला विणीच्या हंगामात ते येतात आणि आपोआप जातात. रोगाचे ठिपके अंगावर, शेपटीवर कुठेही विखुरलेले असतात, मासा अंग घासतो आणि मलूल होतो. दाणेवाला नर उलट भलताच उत्साही असतो, मादीच्या मागे लागून तिला कोपऱ्यात रेटतो. बाटलीतलं औषध ओतू नका, फिल्टरचे जीवाणू मारून बसाल. मध्ये प्लास्टिकची जाळी उभी करून त्याला आठवडाभर पलीकडे ठेवा, आणि मादीच्या खवल्यांना जखम नाही ना ते बघा.